फॉरमॅट मारायच्या आधी ती जुनी डिस्क बाहेर काढा

पत्र

नमस्कार बाई,

मी गोव्यातल्या अंत्रुज महालातला. पेटी वाजवतो, गावच्या भजनी मंडळात पंचवीस वर्षं आहे. यंदा गणेश चवथीच्या आधी आमच्या घुमट या मातीच्या तालवाद्यावरच्या आरत्या नीट रेकॉर्ड करायच्या म्हणून भाच्याला हाताशी धरून सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडला. इंटेलचा आय५-१२४००एफ, एक साधं ग्राफिक्स कार्ड, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या. पट्ट्यांतली एक नवी, एक भाच्याच्या मित्राची. शिवाय जुन्या कॉम्प्युटरमधली १ टीबीची हार्ड डिस्क लावली. तिच्या डी ड्राइव्हमध्ये माझ्या वडिलांच्या भजनांची सगळी रेकॉर्डिंग आहेत.

विंडोज ११ टाकायला घेतली तर यादीत एसएसडी दिसेना. फक्त जुनी डिस्क दिसते आणि तिच्यावर एमबीआर आहे म्हणून टाकता येणार नाही असं येतं. भाच्याने बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, सीएसएम चालू केलं, तर 'हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही'. मग त्याने तपासण्या वगळणारा पेनड्राइव्ह बनवला आणि जुन्या डिस्कच्या सी ड्राइव्हवर विंडोज टाकली. पाच वेळा! एकदा ४१ टक्क्यांवर अडली, एकदा ७८ वर, एकदा फाइल खराब आहे म्हणाली. पाचव्यांदा झाली, पण अधूनमधून निळा पडदा येतो. अक्षरं मोठी नि पसरट दिसतात, ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकताना पडदा काळा झाला म्हणून आम्ही बटण दाबून बंद केलं. नेटची केबल लावूनही नेट नाही. रेकॉर्डिंगच्या यंत्रातून आवाज हेडफोनात उशिरा पोचतो. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला, बदला. भाचा म्हणतो, सगळ्या डिस्का 'क्लीन' कमांड देऊन पुसू आणि पहिल्यापासून करू. काय करू?

– एक पेटीवाला


उत्तर

पेटीवाले, हे वाचत असाल तिथेच थांबा आणि भाच्याला सांगा, बाबा रे, कीबोर्डवरून हात काढ.

'क्लीन' ही कमांड खात्री करून घेत नाही. 'नक्की का?' असं एकदाही विचारत नाही. डिस्क ० की डिस्क १ एवढा एक आकडा चुकला की दोन सेकंदांत वडिलांची भजनं असलेल्या डिस्कवरची सगळी मांडणी पुसली जाते. तुम्ही पाच वेळा त्याच डिस्कच्या सी ड्राइव्हवर विंडोज टाकलीत आणि शेजारचा डी शाबूत राहिला, हे नशीब म्हणायचं. सहाव्यांदा त्याची परीक्षा नको.

म्हणून पहिलं काम. कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा आणि जुन्या डिस्कच्या दोन्ही वायरी सोडवून तिला कॅबिनेटबाहेर काढा. तिच्यातली रेकॉर्डिंग या कॉम्प्युटरवर कॉपी करायला बसू नका. का ते पुढे रॅमपाशी आल्यावर कळेल. बाजारात साटा डिस्क यूएसबीला जोडायचा डॉक मिळतो, तो आणून भाच्याच्या लॅपटॉपला लावा. डिस्क साडेतीन इंची, म्हणजे जाडजूड असेल तर स्वतःचा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर असलेलाच डॉक घ्या, नुसत्या यूएसबीच्या विजेवर ती फिरत नाही. भजनं दोन वेगळ्या जागी उतरवा. नुसती फाइलींची नावं बघून समाधान मानू नका, मधली चार-पाच भजनं उघडून शेवटपर्यंत ऐका.

आता त्या एमबीआरच्या निरोपाबद्दल. डिस्कवरचे भाग कुठून कुठे आहेत याची नोंद ठेवायच्या दोन पद्धती आहेत, जुनी एमबीआर आणि नवी जीपीटी. मदरबोर्ड यूईएफआय या नव्या रीतीने चालू झाला असेल तर विंडोज फक्त जीपीटी डिस्कवर बसते. तुमची जुनी डिस्क एमबीआर आहे, म्हणून सेटअप म्हणाला, इथे जमणार नाही. भाच्याला निरोपाचा अर्थ बरोबर कळला. पण तो निरोप ज्या डिस्कबद्दल होता तिच्यावर तुम्हाला मुळात विंडोज टाकायचीच नव्हती! तो अडथळा नव्हता, दारावरचा राखणदार होता. सीएसएम चालू करून तुम्ही त्याला बाजूला सारलंत. सीएसएम म्हणजे मदरबोर्डने जुन्या काळच्या कॉम्प्युटरचं सोंग घेणं. ते घेतल्यावर विंडोज ११ नाही म्हणणारच, तिला यूईएफआय लागतं. मग तिच्या तपासण्या गाळलेला पेनड्राइव्ह आला. तुमच्या प्रोसेसरला त्याची काडीची गरज नव्हती, १२व्या पिढीचा इंटेल विंडोज ११ च्या मान्य यादीत आहे. एसएसडी का दिसत नाही हा मूळ प्रश्न तसाच राहिला आणि त्याला वळसा घालत तुम्ही तीन गल्ल्या पुढे गेलात.

त्या प्रश्नाकडे येतेच, पण तुम्ही पत्रात ओझरता लिहिलेला तपशील मला जास्त बोलका वाटतो. ४१ टक्के, ७८ टक्के आणि मग खराब फाइल.

मी म्हापशाला एका शाळेची कॉम्प्युटर लॅब बरीच वर्षं सांभाळली. तिथे शिकलेली गोष्ट अशी, की इन्स्टॉलेशन दर वेळी एकाच जागी अडत असेल तर पेनड्राइव्ह किंवा डिस्क बघा. दर वेळी नव्या जागी, नव्या तक्रारीसह अडत असेल तर रॅम बघा. सेटअप पेनड्राइव्हवरून उचललेली प्रत्येक गोष्ट आधी रॅममध्ये ठेवतो, तिथे उलगडतो आणि मग डिस्कवर लिहितो. रॅमने मध्येच एक अक्षर बदललं तर डिस्कवर चुकीचंच लिहिलं जातं. कधी ते तिथल्या तिथे लक्षात येतं आणि काम अडतं. कधी कुणाच्या लक्षात येत नाही, विंडोज 'झाली' असं दिसतं आणि मग आठवडाभर निळे पडदे येत राहतात. भजनं या कॉम्प्युटरवर कॉपी करू नका म्हटलं ते यासाठी. आजारी रॅममधून गेलेली प्रत आजारीच निघू शकते, आणि तिच्याकडे बघून ते कळत नाही.

तुमच्या दोन पट्ट्या एका जोडीतल्या नाहीत. पेटी काळी दोनची आणि तबला काळी एकला लावलेला, असं समजा. एकेकटे वाजवले तर दोन्ही सुरेल, एकत्र बसवले की बैठकीचा विचका. त्यातून बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्यावर छापलेल्या वाढीव वेगाने चालवायची सोय, चालू असेल तर तुम्ही दोघांना वरच्या पट्टीत गायला लावलंय. तुमच्या प्रोसेसरचा डीडीआर४ जातीच्या रॅमसाठीचा अधिकृत वेग ३२०० पर्यंतचा. पट्टीवर ३६०० छापलेलं असेल तर तो प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेपलीकडचा वेग आहे, बहुतेकदा चालतो, दर वेळी चालेलच असं नाही.

तेव्हा एक्सएमपी बंद करा आणि फक्त नवी पट्टी ठेवा. मदरबोर्डच्या पुस्तिकेत एका पट्टीसाठी कोणता खाचा सांगितलाय ते बघा. चार खाचे असतील तर बहुधा प्रोसेसरपासून दुसरा. मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम भाच्याच्या लॅपटॉपवरून एका पेनड्राइव्हवर घ्या, कॉम्प्युटर त्याच्यावरून चालू करा आणि रात्री झोपायला जा. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात, तेवढ्या पुरे. सकाळी एक जरी चूक दाखवली तर ती पट्टी बाद. 'एकच तर चूक आहे' असं रॅमच्या बाबतीत म्हणत नाहीत. दुसऱ्या रात्री मित्राची पट्टी एकटी, त्याच खाच्यात. तिसऱ्या रात्री दोन्ही मिळून. मित्राची पट्टी बरीच वर्षं आपल्या हवेत राहिलेली असेल तर तिचे सोनेरी दात आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसा. दुकानात खोडरबर घासतात, त्याने काम होतं, पण त्याचा भुगा खाच्यात पडतो आणि मग नवीन दुखणं. आपल्याकडे पावसात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे या दातांनी चकचकीत राहावं ही अपेक्षा जरा जास्तच.

तीन रात्री जातील, हे मला माहीत आहे. पाच इन्स्टॉलेशनना किती गेल्या?

गणपतीच्या डोक्यावर माटोळीची चौकट बांधताना नारळ नि सुपारीचे घड लावायच्या आधी आपण चौकटीचे दोर ओढून बघतो. रॅमचं तसंच. ती स्वच्छ निघेपर्यंत पुढचं काही करू नका, कारण तोवर दिसणारा कुठलाच दोष खरा की खोटा ते सांगता येणार नाही.

आता एसएसडी. बायोसमध्ये जाऊन सीएसएम बंद करा. जुन्या डिस्कवरची विंडोज यानंतर चालू होणार नाही. तशीही ती डिस्क बाहेर आहे, घाबरू नका. मग 'ॲडव्हान्स्ड' भागात व्हीएमडी नावाचा पर्याय शोधा. या पिढीच्या इंटेलमध्ये एनव्हीएमई एसएसडी एका मधल्या नियंत्रकाच्या हाताखाली देण्याची सोय आहे, तीच व्हीएमडी. दोन-तीन एसएसडी एकत्र बांधून एकाच डिस्कसारख्या वापरायच्या असतील (याला रेड म्हणतात) तर ती उपयोगाची. पण विंडोजच्या सेटअपजवळ या नियंत्रकाचा ड्रायव्हर नसेल तर त्याला समोरची एसएसडी दिसतच नाही. बायोसला दिसते, सेटअपला दिसत नाही, आणि माणसाला वाटतं मदरबोर्ड गेला. तुमच्याकडे एकच एसएसडी आहे, तेव्हा व्हीएमडी सरळ बंद करा. काही कारणाने चालूच ठेवायची असेल तर मदरबोर्ड कंपनीच्या पानावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उघडून ठेवा आणि डिस्कच्या यादीखालच्या 'लोड ड्रायव्हर'ने दाखवा. मात्र जे ठरवाल ते विंडोज टाकायच्या आधी. नंतर हा पर्याय फिरवलात तर नीट चाललेली विंडोजही उठायची नाही.

व्हीएमडी बंद करूनही एसएसडी खुद्द बायोसमध्येच दिसत नसेल तर स्क्रू काढून ती पुन्हा नीट बसवा. तिचे दातही बघा. तिथे दोन खाचा असतील तर ती बहुधा एनव्हीएमई नसून त्याच आकाराची साटा एसएसडी आहे, आणि मदरबोर्डच्या त्या एम.२ जागेला साटा चालतं का ते पुस्तिकेत पाहावं लागेल. ऑनलाइन घेताना ही गफलत खूप जणांची होते.

बायोस अपडेट करून बघू, असं कुणीतरी सुचवेलच. आत्ता नको. जुन्या बोर्डावर नव्या पिढीचा प्रोसेसर बसवताना त्याची गरज पडते. तुमचा बोर्ड चालू होतोय, प्रोसेसर ओळखतोय, मग हात कशाला लावायचा? एका जुलैत मी 'पाचच मिनिटांचं काम' म्हणून सुरू केलं आणि तिसऱ्या मिनिटाला आमच्या वाड्यावरची लाइट गेली. त्या बोर्डाला पेनड्राइव्हवरून बायोस पुन्हा भरायचं बटणही नव्हतं. चिप काढून पणजीला नेऊन भरून आणली, तोवर पंधरा दिवस कॉम्प्युटरवर टॉवेल टाकून ठेवला होता. तेव्हापासून यूपीएस नसेल तर पावसाळ्यात मी बायोसला शिवत नाही.

रॅम स्वच्छ, एसएसडी दिसतेय, जुनी डिस्क अजून बाहेरच. आता विंडोज. तो गाळलेला पेनड्राइव्ह पुसा आणि मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या मीडिया क्रिएशन टूलने नवा बनवा, ८ जीबीचा पुरतो. बूटच्या यादीत तो पेनड्राइव्ह कधी कधी दोनदा दिसतो, त्यातला 'यूईएफआय' लिहिलेला निवडा. एसएसडी कोरी असेल तर मोकळी जागा निवडून पुढे चला, भाग-बिग पाडायची गरज नाही, सेटअप स्वतः पाडतो. जुनी डिस्क या वेळी बाहेर असण्याचा आणखी एक फायदा आहे. दोन डिस्का लावलेल्या असल्या की सेटअप कधी कधी विंडोज एकीवर टाकतो आणि ती सुरू करायचा छोटा भाग दुसरीवर. वर्षाने दुसरी डिस्क काढली की कॉम्प्युटर उठत नाही आणि कारण कुणालाच आठवत नाही.

मध्ये तो नेट मागेल आणि तुमच्या मदरबोर्डच्या नेट पोर्टचा ड्रायव्हर त्याच्याजवळ नसेल. ते पान टाळायची कमांड सांगणारे व्हिडिओ सापडतील, पण मायक्रोसॉफ्टने नव्या आवृत्त्यांतून ती युक्ती काढायला घेतली आहे. त्यापेक्षा अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो.

विंडोज उघडली की पहिल्यांदा मदरबोर्ड कंपनीच्या पानावरून तुमच्या नेमक्या मॉडेलचा चिपसेट ड्रायव्हर टाका, मग लॅनचा, म्हणजे नेट पोर्टचा, मग ग्राफिक्सचा. अक्षरं पसरट दिसतात कारण विंडोज 'बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर' या कामचलाऊ ड्रायव्हरवर चालली आहे. मॉनिटरची केबल मात्र ग्राफिक्स कार्डालाच लावलेली असू द्या. प्रोसेसरच्या नावातला 'एफ' म्हणजे त्याच्या पोटात ग्राफिक्स नाही, तेव्हा मदरबोर्डवरचा एचडीएमआय पोर्ट तुमच्यासाठी शोभेचा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसताना पडदा काळा होतो, लुकलुकतो, परत येतो, हे ठरलेलंच आहे. मागच्या वेळी तुम्ही ऑपरेशन चालू असताना टेबल ओढलंत. या वेळी आधी विंडोज अपडेटला त्याचं काम संपवू द्या, कारण तोही मागच्या बाजूने ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकत असतो आणि दोघांची टक्कर होते. मग कार्ड बनवणाऱ्या चिप कंपनीचा ड्रायव्हर चालवा आणि पेटी घेऊन दहा मिनिटं रियाज करा.

एवढ्यावरही डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि 'अननोन डिव्हाइस' उरलं तर 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' देणारं पॅकेज उतरवू नका. ते अंदाजाने ड्रायव्हर भरतं आणि सोबत नको ते पाहुणे आणतं. त्या नावावर उजवं क्लिक करा, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. त्यात व्हीईएन या अक्षरांपुढे चार खुणा असतात, ते बनवणाऱ्याचं आडनाव. १०ईसी म्हणजे रिअलटेक, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी, १४सी३ म्हणजे मीडियाटेक. इंटेलचं ८०८६. १९७८ साली त्यांनी याच नावाचा प्रोसेसर काढला होता, तो आकडा अजून घरात मिरवतायत. आडनाव कळलं की मदरबोर्डच्या पानावर कोणता ड्रायव्हर घ्यायचा ते आपोआप कळतं.

आता तुमच्या खऱ्या कामाचं. आवाज उशिरा येतो त्यात यंत्राचा दोष नाही. विंडोजने त्यालाही स्वतःचा सर्वसाधारण ड्रायव्हर लावला आहे, आणि त्या वाटेने आवाज फिरून फिरून येतो. यंत्राच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर घ्या आणि रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामात तोच निवडा. मग बफर नावाचा आकडा दिसेल. ४८,००० हर्ट्झवर २५६ चा बफर म्हणजे साधारण ५.३ मिलिसेकंद, १२८ म्हणजे २.७. आवाज आत जाताना एकदा आणि बाहेर येताना एकदा, शिवाय यंत्राचा थोडा वेळ वेगळा. रेकॉर्ड करताना १२८ ठेवून बघा, कडकड आवाज आला तर २५६. नंतर मिसळताना १०२४ केलात तरी बिघडत नाही. यंत्रावर 'डायरेक्ट मॉनिटर'चं बटण असेल तर घुमटवाल्याला तेच लावून द्या. त्याचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता सरळ हेडफोनात येईल. घुमटाचा हात उशिरा ऐकून कुणाला ताल धरता येत नाही, उगाच त्या बिचाऱ्यावर खेकसू नका.

दुकानदाराबद्दल विचारलंत. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांत मदरबोर्ड गेल्याचं एकही नाही. दोन्ही पट्ट्या एकट्याने, चांगल्या ठरलेल्या खाच्यात पास झाल्या आणि दुसऱ्या खाच्यात दोन्ही नापास झाल्या, तर मात्र संशय खाच्यावर. त्याआधी प्रोसेसर उचलून त्याच्या खालच्या पिना टॉर्चने बघा. या इंटेलमध्ये पिना मदरबोर्डवर असतात आणि एखादी वाकली की एका बाजूची रॅम बोंबलते. वाकलेली दिसली तर स्वतः सरळ करू नका. बिलं एका पिशवीत ठेवली आहेत ना? नवी पट्टी मेमटेस्टमध्ये नापास झाली तर तीच लागतील, पडद्याचा फोटोही काढून ठेवा.

सगळं आठवडाभर नीट चाललं की जुनी डिस्क परत लावा. लावल्यावर बायोसमध्ये 'विंडोज बूट मॅनेजर', म्हणजे एसएसडीवरचा, पहिला आहे ना ते बघा. तिच्यावरची जुनी विंडोज तशीच पडून राहू दे, महिनाभर तरी. आणि भाच्याला भजनांच्या दोन प्रती कुठे ठेवल्या ते विचारा. दोन्ही त्याच्याच लॅपटॉपवर असतील तर ती एकच प्रत झाली.